खटक्याची उंची

पाय सटकला आणि आर्किटेक्ट टेंबे ओल्या फरशीवर आपटले. खुब्यात अशी कळ गेली की धड हाकही फुटेना. वृद्धाश्रमाची पाहणी संपवून ते हात धुवायला न्हाणीघरात आले होते. बाहेर भजन टिपेला पोहोचलं होतं.

मदतीच्या घंटेचा खटका समोरच होता, छातीच्या उंचीवर. ती उंची त्यांनीच ठरवली होती. त्यांनी हात ताणला. खटका हातभर वरच राहिला.

सकाळी त्या खटक्याला परकराची लांब नाडी बांधलेली होती.

"पडलेल्या माणसाला ओढता येते, साहेब," सफाईवाल्या सुमनबाई म्हणाल्या होत्या.

"वाईट दिसतं. सोडा ती."

सुमनबाईंनी नाडी सोडली, नीट गुंडाळून त्यांच्या हातात ठेवली. ती अजून त्यांच्या खिशातच होती.