लिफ्टजवळची नोटीस

चारशे सातच्या दारात शेजारी जमले होते. आत मोडकआजी खुर्चीतच गेल्या होत्या. बाहेरची हवा विषारी झाल्यापासून घरोघरी सर्व्हरच्या हुकमाने हवा सोडली जाई, आणि आजींच्या घराची हवा पहाटे बंद झाली होती.

"मी लगेच नोटीस लावली होती हो," सोसायटीचे सेक्रेटरी ढवळेकाका उर्मिलाला म्हणाले.

उर्मिला त्याच इमारतीत राहायची आणि हवा खात्यात डेटाबेस सांभाळायची. तक्रारीच्या रकान्यात डॉलरचं चिन्ह टाकून काही लिहिलं, की सर्व्हर तो हुकूम समजून पाळतो, हे तिला परवा कळलं होतं. दुरुस्तीला चार दिवस लागणार होते. तिने विश्वासाने फक्त काकांना सांगितलं होतं.

लिफ्टजवळ काकांच्या वळणदार अक्षरात नोटीस होती: 'सभासदांनी तक्रारीत डॉलरचे चिन्ह, घर क्रमांक व "हवा बंद" असे लिहू नये. लिहिल्यास हवा खरोखर बंद होते.'

उर्मिलाने मोबाइलवर सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. कालपासून या इमारतीतून असे एकसष्ट हुकूम गेले होते. साठ जणांनी काही ना काही चुकीचं लिहिलं होतं, म्हणून ते फुकट गेले. एकसष्टावा, चारशे सातसाठी दिलेला, बरोबर होता. त्यात रीतसर कारणही दिलं होतं: आजींच्या खलबत्त्याचा आवाज.

काकांनी वाकून तो आकडा पाहिला.

"साठ जणांना समजलंच नाही म्हणजे," ते हळहळले. "थांब, जरा सविस्तर लिहून लावतो."