शेवटचा परिच्छेद

आरोग्याच्या पानावर ऐन वेळी जाहिरात आली, तशी उपसंपादकाने नेहमीप्रमाणे बातमी खालून कापली. मथळा राहिला: 'घोरणाऱ्याशेजारी झोपल्यास बहिरेपणाचा धोका दुप्पट!' गेला तो शेवटचा परिच्छेद. दहा हजारांत एकाला होणारा त्रास दोघांना होतो, एवढाच काय तो फरक, असं त्यात लिहिलं होतं.

लेकाचं पान वडील अक्षरन् अक्षर वाचायचे. त्याच दिवशी त्यांनी आपली उशी उचलली आणि मागच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं.

"इतकी वर्षं ऐकतेय, आता काय बिघडायचं राहिलंय?" आई हसली.

"पोराने छापलंय, उगाच नाही. तुझे कान जपायला हवेत," म्हणत त्यांनी दार घट्ट लावून घेतलं.

पुढच्याच महिन्यात एका सकाळी ते उठलेच नाहीत. झोपेतच श्वास अडकला, असं डॉक्टर म्हणाले.

भेटायला आलेली माणसं पांगली, तसा उपसंपादक आईशेजारी भिंतीला टेकून बसला. समोर आजचा पेपर घडीही न मोडता पडला होता. आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याच्याही नव्हतं. मागच्या खोलीच्या दाराकडे बघत, घरातलं काहीतरी साधंसं सांगावं तशी ती बोलली.

 

"त्यांचं घोरणं मध्येच थांबलं ना, की मला जाग यायची रे. हलवून कुशीवर वळवलं, की पुन्हा सुरू."