दोन जुने, दोन नवे

पडद्यावर तोच लाल त्रिकोण पाहून वहिनी चक्रावली. चार सर्व्हरनी मिळून रुग्णालयाचे स्कॅन सांभाळायचे, आणि अजूनही दोन सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर, दोन नव्या आवृत्तीवर. आवृत्त्या जुळत नाहीत तोवर एकावरची माहिती दुसऱ्याला धड वाचता येत नव्हती. वर डॉक्टर स्कॅनसाठी ताटकळले होते.

पण हे शक्यच नव्हतं. काल तर तिने स्वतः माघार घेतली होती.

दोन सर्व्हर तिच्याकडे, दोन नणंदेकडे. ही सकाळपाळीला, ती दुपारपाळीला. वहिनीने आपले हौसेने नवे केले. नणंद म्हणाली, चाललंय ते चालू दे, मी माझ्यांना हात लावणार नाही. झालं, शब्दाने शब्द वाढला आणि एका घरात राहून दोघींचं बोलणं बंद पडलं. मीठसुद्धा वहिनीच्या नवऱ्यामार्फत मागायचं. निरोप पोचवून पोचवून तो बिचारा मेटाकुटीला आला होता. शेवटी काल साहेबांनी ठणकावलं, उद्यापर्यंत आवृत्त्या जुळल्या नाहीत तर दोघींपैकी एकीची लांबच्या शाखेत बदली.

ते ऐकून वहिनीला रडूच आलं. ती लग्न होऊन आली तेव्हा ही नणंद, चिमी, शाळेत होती, रोज वेण्या घालून घ्यायला हिच्याच पुढ्यात बसायची. खड्ड्यात गेला तो हट्ट, म्हणत तिने काल आपल्या दोन्ही सर्व्हरना जुनी आवृत्ती लावायची सूचना देऊन ठेवली. असे बदल पहाटे, सर्व्हर पाळीपाळीने बंद-चालू होताना लागू होतात. तोवर कुणाला पत्ता लागत नाही. घरी तिने अवाक्षर काढलं नाही.

मग हा त्रिकोण कसला? सूचना लागूच झाली नाही की काय? तिने एकेक सर्व्हर उघडून पाहिला. स्वतःचे दोन्ही जुने, अगदी सांगितल्यासारखे. मग नणंदेचे उघडले. दोन्ही नवे.

आधी डोळ्यांवर विश्वास बसेना. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाकले तर ही डोक्यावर बसली? कित्येक दिवसांनी तिने तो नंबर लावला.

नणंदेनेही घरून नुकताच पडदा पाहिला होता. फोन उचलताच तीच आधी बोलली.

"वहिनी, तुझ्या मनासारखं होऊ दे म्हणून मी माझे नवे केले. आणि तू मला खिजवायला तुझे जुने केलेस?"

वहिनीने पडद्यावरचे चारही सर्व्हर पुन्हा एकदा पाहिले.

"खिजवायला नाही गं, चिमे. मी तुझ्यासारखे केले."