मागच्या महिन्यातलं अपडेट

"तुमची फायरवॉल असूनही आमच्या हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर कुणीतरी लॉक केलेत," डॉक्टर खर्शीकरबाई फोनवर म्हणाल्या.

नचिकेत आणि त्याचे तीन मित्र नोकऱ्या सांभाळून हॅकर्सना अडवणारी ती फायरवॉल तयार करत आणि कुणालाही फुकट देत. त्याने विचारलं, "मागच्या महिन्यातलं अपडेट टाकलं होतं?"

"त्यासाठी दहा मिनिटं नेट बंद ठेवावं लागणार होतं. बाहेर पेशंटची रांग होती. मीच नको म्हटलं."

त्याच अपडेटपायी नचिकेत बहिणीच्या हळदीत लॅपटॉप घेऊन बसला होता. पण ते तो बोलला नाही.

"आता टाकलं तर पेशंटचे रिपोर्ट परत मिळतील?"

"नाही, मॅडम."

तरीही कसं टाकायचं ते तो सांगू लागला, आणि बाई मुकाट्याने लिहून घेऊ लागल्या.