डिस्क खोटं बोलते तेव्हा

डेसमंडचं उत्तर याही वेळी एका ओळीचं होतं. ‘अजून नाही. पुन्हा विचार कर.’

ब्रोन्विनने लॅपटॉप मिटला. टास्मानियात, होबार्टच्या बंदरासमोरच्या त्या कचेरीत ती आणि तिचा सहकारी टेव्हिटा दोघंच होती.

“काय म्हणतो म्हातारा?” टेव्हिटाने विचारलं.

“तेच.”

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या संशोधन जहाजावरची वीज गेली आणि पेंग्विनांच्या मोजणीचा अख्खा हंगाम बुडाला. डिस्क सांगत होती, लिहून झालं. प्रत्यक्षात ती माहिती तिने आपल्या तात्पुरत्या मेमरीत तशीच धरून ठेवली होती. डिस्कची ती सेटिंग बाहेरून कुणाला दिसतच नव्हती.

ती दिसावी म्हणून ब्रोन्विनने लिनक्स या संगणक प्रणालीच्या कर्नेलसाठी, म्हणजे त्याच्या अगदी गाभ्यासाठी, कोड लिहिला. एक छोटीशी फाईल. ती वाचली की डिस्क लगेच लिहिते की नुसतं हो म्हणते ते कळायचं, आणि तिथूनच ते बदलताही यायचं.

पण कर्नेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या भागात काय घ्यायचं आणि काय नाही ते डेसमंड क्रॉसवेल ठरवायचा. कित्येक वर्षं तो त्या भागाचा राखणदार होता. जगभरचे प्रोग्रॅमर त्याला टरकून असत. आणि राहायचा इथंच, तासाभरावर, ह्युऑन खोऱ्यातल्या सफरचंदांच्या बागांमध्ये.

टेव्हिटाने खुर्ची जवळ ओढली. “सिडनीच्या प्रोग्रॅमर पोरांकडून कळलं ते सांगू? तुझा कोड तो आठवडाभर स्वतःच्या मशीनवर चालवतोय. तुला नाही म्हणतो आणि बाकीच्यांना सांगतो, काम पक्कं आहे. बाई, तुला गुंडाळतोय तो. उद्या स्वतःच्या नावावर खपवेल.”

ब्रोन्विनने गाडीची किल्ली उचलली.

डेसमंड घरामागच्या शेडमध्ये होता. फळीवर ओळीने जुन्या डिस्क घरघरत होत्या, आणि पडद्यावर तिचाच कोड होता. त्याने तो लपवला नाही.

“चहा?”

“नको. माझं काम तुमच्या मशीनवर काय करतंय?”

“चालतंय,” तो म्हणाला. “बस.”

ती उभीच राहिली.

“ही फाईल एकदा जगाला दाखवलीस की परत घेता येणार नाही,” तो म्हणाला. “लोक तिच्यावर विसंबून आपापले प्रोग्रॅम लिहितील. वीस वर्षांनी कुणी भांडायला आला तर उत्तर कोण देणार?”

“मी.”

“डिस्क बनवणारे म्हणाले, आमची बदनामी होते, काढून टाक. मग?”

“नाही काढणार. डिस्क खोटं बोलत असेल तर ते दिसलंच पाहिजे.”

“आणि मीच म्हणालो, काढ?”

“तरी नाही.”

हे बोलताना तिचा आवाज जराही चढला नाही. आपलं काम सोन्यासारखं आहे, हे तिला या शेडमध्ये उभं राहून पहिल्यांदाच लख्ख जाणवलं. आता ते कुणी हिसकावून घेणार असेल तर ती गप्प बसणार नव्हती.

डेसमंडने चष्मा काढून शर्टाला पुसला. “मोडायचा खूप प्रयत्न केला मी. मोडलं नाही. आता एक नाव बदलायचं तेवढं राहिलंय.”

म्हणजे टेव्हिटाचं खरं होतं.

“माझा अख्खा हिवाळा गेलाय त्यात, डेसमंड,” ती म्हणाली. “माझं नाव काढून तिथे तुमचं आलं तर मी सगळ्यांसमोर बोलेन. कोड चांगला आहे ना? मग आजच कर्नेलमध्ये घ्या. माझ्या नावाने.”

“मी नाही घेणार.”

“का?”

तो सावकाश उठला आणि आपली खुर्ची तिच्याकडे वळवली.

“कारण काढायचंय ते माझं नाव, राखणदाराच्या जागेवरचं,” तो म्हणाला. “तिथे तुझं घालायला बाकी सगळ्या राखणदारांनी हो म्हटलंय. मग तुझा कोड तूच घेशील. तुझा होकार तेवढा यायचाय.”