जादा वजीर

एग्मोरच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्याच फेरीत माझी गाठ गिरिधररावांशी पडली. त्यांचं रेटिंग बावीसशे चाळीस. माझं अजून झालेलंच नाही. घड्याळ सुरू होण्याआधी मी पर्समधून एक जादा काळा वजीर काढून पटाशेजारी उभा केला. यादीत माझं आडनाव वाचून ते आपल्या तंजावरी मराठीत म्हणाले, "हे कोणाला, अम्मा?" "माझ्या प्याद्याला." शेजारच्या पटावरचे दोघे हसले. हसू देत. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये माझं प्यादं शेवटच्या घरात पोचलं, तेव्हा त्याचा वजीर करायला हाताशी सुटा वजीर नव्हता. सांगलीला घरी आम्ही करतो तसा मी हत्ती उलटा ठेवला आणि म्हटलं, हा वजीर. पंच म्हणाले, "मॅडम, उलटा ठेवला तरी नियमाने तो हत्तीच." जिंकत आलेला डाव गेला. आज तीन तासांनी गिरिधररावांनी बरोबरी देऊ केली. एवढ्या मोठ्या खेळाडूशी बरोबरी कुणीही आनंदाने घेतली असती. मी मानेनेच नाही म्हटलं आणि प्यादं पुढे सरकवलं. आता एकच घर उरलं. त्यांनी बराच वेळ पट न्याहाळला, घड्याळ थांबवलं आणि डाव सोडला. मग हात लांबवून तो वजीर उचलला, बाहीला पुसून माझ्यापुढे धरला. "डाव संपला, अम्मा. तरी ठेव. मला बघायचंय." शेजारचे दोघेही आता बघत होते. मी प्यादं उचललं आणि त्या शेवटच्या घरात वजीर ठेवला. सरळ, उभा.