आईचा नारळ

या बाबांनो, जवळ सरका, दर्याची गोष्ट सांगतो. देवगडच्या जयरामला अंदमानात शिडाच्या बोटीवर खलाशाचं काम लागलं. निघताना आईनं नारळ दिला. "बोटीत चढण्याआधी समुद्राला वाहा हो."

तो पोचला तर बोट पुढच्या बेटावर गेलेली. तिथं गेला तर आणखी पुढं! लाँचवरचे लोक त्याची पिशवी बघून हसायचे, "माडांच्या गावात नारळ घेऊन आलास?"

शेवटच्या धक्क्यावर बोट दिसली, पण दोर सुटले होते. बोटीचा प्रमुख, तांडेल, ओरडला, "खलाशाची जागा भरली. आता पोहत ये!"

"बेटामागून बेट तुमच्यामागं धावलो, आणि जागा भरली?" जयराम संतापला. नारळ काढून त्यानं समुद्रात भिरकावला. "घे बाबा, तू तरी घे!"

तांडेलाचे हात आपसूक जोडले गेले. "बोट वळवा रे! दर्याला नारळ देणाऱ्याला काठावर सोडून मी शीड उभारत नाही. काय रे, भाकऱ्या भाजशील ना?"

रागानं फेकलेला नारळही देवानं गोड मानला. बाबांनो, येत्या नारळी पौर्णिमेला नारळ वाहताना त्या माउलीला आठवा. तिनं नारळासोबत मुलगाही दर्याच्या ओटीत घातला होता.